फोटोवाल्या आक्का आणि अंधाराचं दालन

फोटोवाल्या आक्का रागावल्या की आवाज चढवत नसत. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावत, जवळची खुर्ची ओढत आणि बसून राहत. मग वरबाप येवो की पुढाऱ्याचा माणूस, आक्कांचं म्हणणं मान्य झाल्याशिवाय ते झाकण निघत नसे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, झाकण लावून बसलेल्या. कळसाडीला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. वरातीत वाजवायला सातपुड्यातले ढोलवाले आले होते. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी त्या ढोलवाल्यांना हाताने झटकल्यासारखं केलं, "सरका रे तिकडे, फोटोत येऊ नका." ती माणसं मुकाट्याने सरकली. आम्ही सगळे ओळीत उभे, हसायला तयार, आणि आक्का खुर्चीवर. काकांनी विचारलं, "काय झालं?" आक्का म्हणाल्या, "दोन घंटा यासना ढोलवर नाचनात ना? मंग फोटूमा काबर नको?" काका लाल झाले. पण मंडपात दुसरा कॅमेरा नव्हता. शेवटी ढोलवाले ढोलांसकट आले, नवरीच्या शेजारी उभे राहिले. तो फोटो मावशीच्या घरी अजून भिंतीवर आहे आणि काका अजून त्याच्याकडे बघत नाहीत.

आक्का मूळच्या कोरीटच्या. नवरा नंदुरबारला फोटो स्टुडिओ चालवायचा. तो अकाली गेला तेव्हा दिराने सुचवलं, दुकान विकून टाका, बाईमाणसाचं हे काम नाही. आक्कांनी दुकान तर विकलं नाहीच, वर दिरालाच समोर बसवून त्याचा फोटो काढला आणि दर्शनी काचेत लावला. येणारीजाणारी माणसं म्हणायची, वा, दिराने चांगला आधार दिला. बिचाऱ्याला त्यानंतर विरोध करता येईना.

ओळखपत्रांसाठी फोटो काढायला त्या वर्षानुवर्षं डोंगरातल्या पाड्यांवर गेल्या. जीपच्या टपावर सामान, पायाशी पांढऱ्या चादरीची गुंडाळी. पुढे संगणक आले आणि गावोगावचे फोटोवाले माणसांचे चेहरे गोरे करून द्यायला लागले. आक्का या एका गोष्टीवरून गिऱ्हाइकांशी भांडायच्या. एकदा एका नोकरदार तरुणाने लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढला आणि म्हणाला, आक्का, जरा उजळ करा. आक्कांनी फोटो त्याच्यापुढे सरकवला. "देवनी जो रंग दिधा तो मी काबर पुसू? तुले लाज वाटस तर दुसरं दुकान देख." त्याने खरंच दुसरं दुकान पाहिलं. बऱ्याच जणांनी पाहिलं. आक्कांचं गिऱ्हाईक कमी होत गेलं, ते काही त्यांच्या हाताला वळण नव्हतं म्हणून नव्हे.

मी आर्किटेक्ट झाले, नाशिकला शिकले आणि एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली लागले. त्यांना आम्ही फक्त 'सर' म्हणायचो. आमच्या जिल्ह्यात एक नवं संग्रहालय बांधायचं काम सरांना मिळालं आणि मी इथलीच, ब्राह्मणपुरीची, म्हणून मला कामावर देखरेखीला पाठवलं. इमारत उभी राहत असताना तिच्यातला उजेड टिपायचा, कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी, कुठल्या भिंतीवर ऊन कसं येतं त्याचे फोटो काढायचे, असं सरांच्या मनात होतं. शहरातला फोटोग्राफर एवढे महिने माळावर येऊन राहायला तयार होईना. मी आक्कांचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "पासपोर्ट फोटो काढणारी बाई?" मी म्हटलं, "एकदा बघा तर."

पहिल्या दिवशी आक्कांनी एकही फोटो काढला नाही. हातात पांढरा रुमाल घेऊन त्या इमारतभर फिरल्या. रुमाल भिंतीपाशी धरायच्या, पुढे मागे करायच्या, त्याच्यावरचा उजेड बघायच्या. भिंती उघड्या काँक्रीटच्या होत्या, गिलावा नाही, रंग नाही. ओतताना लावलेल्या लाकडी साच्याच्या फळ्यांच्या रेघा तशाच काँक्रीटवर उमटलेल्या. मला वाटलं होतं आक्का नाक मुरडतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. छताच्या फटीतून तिरपं ऊन भिंतीवर उतरलं होतं आणि लाकडाची गाठ न् गाठ त्या काँक्रीटमध्ये दिसत होती. "देख माय," आक्का म्हणाल्या, "लाकूड गयं, पन त्यानी याद ऱ्हायनी." मी पाच वर्षं कॉलेजात काँक्रीटबद्दल शिकले. त्याच्याबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी घाई केली की त्या म्हणायच्या, "उजेड येस. त्याले बोलावनं नही पडत." आणि तो यायचा. दुपारी मोठ्या दालनात छतातून सरळ खाली, संध्याकाळी पश्चिमेच्या झरोक्यातून जमिनीवर लांबच लांब. सरांना फोटो पाठवले तेव्हा त्यांनी फोन केला. "बाईंना नजर आहे," म्हणाले. मला फार अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज मला चीड येते, कारण त्या महिन्यांत मी फोटोंतला उजेड बघत होते आणि ती इमारत काय सांगत होती ते मात्र ऐकत नव्हते.

इमारतीची कल्पना अशी होती. आत शिरलं की आधी एक लांब, अरुंद, बोगद्यासारखं दालन. तिथे जवळजवळ काळोख. त्या काळोखात सातपुड्यातल्या घरांमधून आणलेल्या वस्तू ठेवायच्या होत्या: धान्याच्या कणग्या, तीरकमठे, पावे, ढोल, चांदीचे दागिने. बोगदा संपला की एकदम प्रचंड उंच दालन, वरून धो धो उजेड, आणि तिथे शाळा, रस्ते, धरणं, कचेऱ्या यांची चित्रं. माहितीपुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं होतं: 'अंधाराकडून उजेडाकडे'. बोगद्याच्या शेवटी एक अरुंद उभी फट होती. तिच्यातून उजेडाची एक रेघ काळोखात शिरायची. ती फट मीच काढली होती. सरांनी माझी पाठ थोपटली होती. चर्चेच्या बैठकीत सगळे म्हणाले होते, काय सुंदर प्रतीक आहे! त्या खोलीत डोंगरातलं एकही माणूस नव्हतं. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी सर स्वतः आले. त्यांना हवा होता तो फोटो असा: काळोख्या बोगद्यात एक आदिवासी म्हातारी बसली आहे, पाठमोरी नाही, अर्धी वळलेली, आणि फटीतून येणाऱ्या उजेडाकडे आशेने बघते आहे. धडगावकडच्या एका पाड्यावरून वेस्तीबाईंना बोलावून आणलं. दालनात ठेवलेली सगळ्यात मोठी कणगी त्यांच्याच घरची होती. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांची मुलगी सुनीता बरोबर आली होती. सुनीता आरोग्य केंद्रात नर्स होती. ती त्या दिवशी रजा काढून आली होती.

वेस्तीबाईंना स्टुलावर बसवलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डोळे काळोखाला सरावले तशी त्यांना आपली कणगी दिसली. त्या मुलीशी पावरी बोलीत काहीतरी बोलल्या. सुनीताने सांगितलं, "आई विचारते, कणगी काळोखात का ठेवली?"

सर म्हणाले, "तो मांडणीचा भाग आहे. त्यांना सांगा, फक्त उजेडाकडे बघा."

आक्का कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सायेब, त्या काय विचारी ऱ्हायन्यात? कनगी अंधारमा काबर शे?"

"आक्का, ते प्रतीक आहे," सर म्हणाले.

"प्रतीक म्हंजे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "एका गोष्टीतून दुसरी गोष्ट सांगायची, आक्का."

"मंग हाऊ अंधार काय सांगस?"

सर किंचित वैतागले. "पूर्वीची स्थिती. मागासलेपण म्हणा. आणि तिथून विकासाकडे."

सुनीताने तो शब्द ऐकला. तिने तो आईला लगेच सांगितला नाही. आईने दोनदा विचारलं तेव्हा खाली मान घालून हळू आवाजात सांगितला. वेस्तीबाईंनी कणगीकडे पाहिलं. मग स्टुलावरून न उठताच त्या बोलल्या आणि सुनीताने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. "आई म्हणते, आमच्या घराचं दार उगवतीला आहे. सकाळचं पहिलं ऊन कणगीवर पडतं. काळोख आमच्या घरात नाही. काळोख तुम्ही बांधला."

आक्कांनी भिंगावर झाकण लावलं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "मी इतला महिना तुमना उजेडना फोटू काढात. उजेड चांगला शे. पन या माउलीनं घर म्हंजे अंधार, आन तुमनं हापिस म्हंजे उजेड? हाऊ फोटू मी काढाव नही."

सर हसले. अशा वेळी मोठी माणसं हसतात तसं. "तुम्हाला फक्त फोटो काढायचा आहे आक्का. तुमचं मत नाही विचारलं."

"मत नही ऱ्हायनं तर फोटू निंघत नही," आक्का म्हणाल्या. त्यांनी वेस्तीबाईंचा हात धरला, त्यांना उठवलं आणि बोगद्यातून बाहेर, दरवाज्यापाशी नेऊन बसवलं. मग त्या परत आल्या आणि सामान आवरायला लागल्या. सरांनी मला विचारलं, "तू काही सांगणार आहेस का तुझ्या बाईंना?" मी आक्कांना काही सांगितलं नाही आणि सरांनाही काही सांगितलं नाही. हातातली नकाशाची गुंडाळी घट्ट धरून मी उभी राहिले. माझी नोकरी होती, माझं नाव त्या इमारतीवर लागणार होतं.

दोन दिवसांनी आक्कांचं काम बंद झाल्याचं पत्र गेलं. 'आपले काम अपेक्षेप्रमाणे नसल्याने' असं त्यात लिहिलं होतं. सर शहरात होते, म्हणून सही माझी होती. ज्या बाईने त्या इमारतीला इमारतीच्या वास्तुरचनाकारापेक्षा जास्त वेळ दिला, तिचं काम अपेक्षेप्रमाणे नाही, असं मी सही करून कळवलं.

मुखपृष्ठाचा फोटो झालाच. शहरातून एक फोटोग्राफर विमानाने आणि मग गाडीने आला. वेस्तीबाईंनी परत यायला साफ नकार दिला, तेव्हा बाजारातून दुसरी एक म्हातारी आणली. त्या दिवशी आभाळ होतं, फटीतून उजेड येईना, म्हणून उजेडाची रेघ नंतर संगणकावर काढली. उद्घाटनाला तो फोटो दोन मजले उंच फलकावर लागला. खोटी रेघ, आणि कुठल्या पाड्यावरची ते कोणी विचारलंही नाही अशी बाई. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढले. पुस्तिकेच्या आतल्या पानांवर आक्कांचे फोटो होते, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. आक्कांचं नाव कुठेही नव्हतं.

आक्का त्या दिवशी नंदुरबारात नव्हत्या. त्या वेस्तीबाईंच्या घरी होत्या. हे मला नंतर कळलं. एसटीने धडगावपर्यंत, तिथून जीपने, पुढे पायी, साठी उलटलेल्या बाईने कॅमेरा खांद्याला लावून ती चढण चढली. तिथे दोन दिवस राहिल्या. सूर्य उगवायच्या आत दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि ऊन घरात शिरतानाचे फोटो काढले. दारातून आत, मातीच्या जमिनीवर, शेणाने सारवलेल्या कुडावर आणि शेवटी जिथे कणगी असायची त्या रिकाम्या जागेवर. मी ते फोटो पाहिलेत. संग्रहालयाचा उजेड मी नकाशावर कोनमापकाने बसवला होता. या घरात कोणी कोनमापक लावलं नव्हतं आणि ऊन बरोबर पोचत होतं.

सुनीताने पाड्यातल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज केला. आमच्या वस्तू आम्ही मानाने दिल्या होत्या, मानाने ठेवा, नाहीतर परत करा, इतकंच त्यात होतं. अर्जासोबत आक्कांचे फोटो होते. कचेरीत ते कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. एक साहेब सुनीताला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी असं भावनिक होऊ नका." ती म्हणाली, "शिकले म्हणूनच वाचता आलं साहेब, तुम्ही पुस्तिकेवर काय छापलंय ते." सुनीताने नेट सोडला नाही. सहा-सात फेऱ्या मारल्या. शेवटी एके दिवशी अर्जाचं नावही न काढता, डागडुजीचं कारण देऊन, बोगद्यातल्या सगळ्या वस्तू मोठ्या दालनात हलवल्या. वेस्तीबाईंची कणगी त्यांच्या घरी परत गेली. चूक झाली, असं कोणीही लिहून दिलं नाही. पुस्तिका अजून तीच आहे. सरांना त्या इमारतीसाठी शाबासक्या मिळाल्या आणि त्यांच्या भाषणात तो बोगदा अजून असतो.

आक्कांना त्यानंतर सरकारी समारंभाचं एकही काम मिळालं नाही. कोणी त्यांना नको म्हटलं नाही, फक्त कोणी बोलावलं नाही. आपल्याकडे माणसाला शिक्षा करायची ही रीत मला जास्त घाण वाटते, कारण तिच्यावर बोट ठेवता येत नाही.

मी नोकरी सोडली, पण लगेच नाही. धाडस यायला मला दीड वर्ष लागलं. मग एकदा मी आक्कांच्या दुकानात गेले. त्या एका शाळकरी मुलीचा फोटो काढत होत्या, तिला सांगत होत्या, "मान खाले नको घालू." मुलगी गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्राचं बोलायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "सही झकास शे तुन्ही." इतकं साधं म्हणाल्या की मला रडू फुटलं. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण समजूत घातली नाही. मी माफी मागितली तेव्हा त्या ताठ झाल्या.

"माले नको मांगू. मन्हं काय गयं? जिनं घर तुमनी अंधारमा ठेवं, तिले मांग."

मी म्हटलं, "आपण दोघी जाऊ आक्का. तुम्ही बरोबर असाल तर मला धीर येईल."

"दिवाईनंतर जाऊत," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांचं छातीचं दुखणं निघालं. धुळ्याला दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि थंडीत त्या गेल्या. मला दुकानाशेजारच्या शिंप्याने फोन करून सांगितलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. संग्रहालयाकडून कोणी आलं नव्हतं, पण डोंगरातून जीप भरून माणसं आली होती, ज्यांना आक्कांनी कधीतरी पांढऱ्या चादरीपुढे उभं केलं होतं.

वेस्तीबाईंकडे मी एकटीच गेले. सुनीताच्या सुट्टीचा दिवस बघून गेले. वेस्तीबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मला त्यांनी ओळखलं. आक्का गेल्याचं त्यांना कळलं होतं. सुनीताने मला बसायला बाज टाकली आणि मी जे बोलायचं ते बोलले. ती फट मी काढली होती, हेही सांगितलं. सुनीता सांगत गेली, वेस्तीबाई सूप हलवत ऐकत राहिल्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला. तू तिथेच होतीस, तेव्हा का नाही बोललीस?

मी खरं ते सांगितलं. "मला भीती वाटली. आक्कांसारखं माझं काळीज नाही. त्यांना कोणाची भीती नव्हती."

सुनीताने ते सांगताच वेस्तीबाईंनी जोरात मान हलवली. त्या माझ्याकडे बघत बोलल्या, थोड्या चिडूनच. सुनीताने ते सगळं मराठीत सांगितलं.

"आई म्हणते, तुला काही माहीत नाही. त्या बाईने माझा हात धरून मला बाहेर आणलं ना, तेव्हा तिचा हात गार पडला होता आणि घामाने ओला झाला होता. दारापर्यंत तो थरथरत होता. मला बसवलं आणि हात पदराला पुसला. आई म्हणते, ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. घाबरली आणि बोलली."